हाफकिन आणि लस टोचून घेण्याचा निर्णय

मुंबईत परळ येथे असलेल्या हाफकिन संस्थेचे नाव महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक आहे. ज्यांच्या नावाने ही संस्था ओळखली जाते, ते वाल्देमार मोर्देकाय हाफकिन मूळचे रशियन साम्राज्यातील ज्यू होते आणि त्यांच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती. ते प्राणिशास्त्रज्ञ होते. पटकी आणि प्लेग या दोन रोगांवर त्यांनी लस तयार केली आणि दोन्ही लसी प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतल्या. मात्र प्रयोगशाळेतील यशापेक्षा अवघड असे दुसरेच काम त्यांना भारतात करावे लागले. धडधाकट माणसाने आपल्या दंडात सुई का टोचून घ्यावी, हे लाखो लोकांना पटवून देण्याचे ते काम होते.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी वसलेल्या ओडेसा शहरात झाला. वडील व्यापारी होते. १८७९ मध्ये त्यांनी ओडेसाच्या विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले इल्या मेचनिकोव्ह त्यांचे गुरू होते. विद्यार्थिदशेत हाफकिन यांचा झारशाहीविरोधी क्रांतिकारक गटांशी संबंध आला. १८८१ मध्ये ज्यू वस्त्यांवर हल्ले झाले, तेव्हा वस्तीच्या संरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत तेही होते. त्यात ते जखमी झाले आणि त्यांना अटकही झाली. मेचनिकोव्ह यांनी रदबदली केल्याने त्यांची सुटका झाली. विद्यापीठात अध्यापकाची जागा हवी असेल तर ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्म स्वीकारावा, असे त्यांना सुचवण्यात आले होते. त्यांनी त्यास नकार दिला. काही वर्षे ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काम केल्यानंतर ते १८८८ मध्ये जिनिव्हाला आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. तेथे त्यांना मिळालेली पहिली नोकरी ग्रंथपालाची होती.

पुस्तके सांभाळता सांभाळता फावल्या वेळात त्यांनी पटकीच्या जंतूंवर संशोधन सुरू केले. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पटकीची लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला व गेला. त्यानंतर त्यांच्या तीन रशियन मित्रांनी ती टोचून घेतली. ही लस पटकीच्या साथीत वापरून पाहावी, अशी त्यांची इच्छा होती. परंतु रशियाने त्यात रस दाखवला नाही. पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे पूर्वी भारताचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या मदतीने हाफकिन यांना भारतात काम करण्याची परवानगी मिळाली आणि मार्च १८९३ मध्ये ते कोलकात्यात उतरले.

भारतीय माणसाला टोचून घेण्याची कल्पनाच अपरिचित होती, असा एक समज आहे. तो खरा नाही. जेनर यांची गायीच्या देवीची लस येण्यापूर्वी उत्तर भारतात व बंगालमध्ये देवी टोचण्याची देशी पद्धत रूढ होती. हॉलवेल या इंग्रज वैद्याने १७६७ मध्ये लंडनमध्ये या पद्धतीची सविस्तर माहिती दिली. वाराणसी, प्रयाग आणि वृंदावन येथील ब्राह्मणांच्या लहान लहान तुकड्या दरवर्षी देवीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी गावोगावी जात, असे त्याने नमूद केले आहे. ते आदल्या वर्षीच्या रोग्याच्या फोडातील द्रव्य निरोगी माणसाच्या दंडावर बारीक जखम करून लावत आणि पथ्य सांगत. काशीहून येणारा टीकादार हा ओळखीचा माणूस होता, पथ्यपाण्याची आणि देवीच्या पूजेची त्याची भाषा घरातलीच होती. म्हणजे हंगामापूर्वी दरवर्षी येणारी टोचणी ही आजच्या फ्लूच्या लसीची नवलाई नव्हे. पुढे जेनर यांची लस भारतात प्रथम मुंबईतच, १४ जून १८०२ रोजी, तीन वर्षांच्या एका मुलीला टोचण्यात आली. महाराष्ट्रात देवी काढणे हा शब्दप्रयोग घरोघरी रुळला, तो या लसीमुळे. तरीही १८९३ मध्ये प्रश्न वेगळा होता. सुई घेऊन येणारा माणूस परका होता, त्याच्यामागे सरकार होते आणि बाटलीत काय आहे, हे कोणालाही कळत नव्हते.

हाफकिन यांनी पटकीच्या लसीचे काम आग्र्यापासून सुरू केले. वाराणसी ज्या वायव्य प्रांतात मोडत होती, त्या प्रांतात आणि पंजाबात त्यांनी पहिल्या वर्षी मोठा प्रवास केला. प्रारंभी लष्करी छावण्यांतील सैनिकच अधिक होते. निर्णायक ठरला तो मार्च १८९४ मधील कोलकात्याच्या काठाल बागान या झोपडवस्तीतील अनुभव. वस्तीत पटकीने दोघांचा बळी घेतला होता. आरोग्य अधिकारी सिम्प्सन यांनी हाफकिन यांना बोलावून घेतले. जमलेल्या लोकांत अविश्वास होता. तेव्हा हाफकिन यांच्यासोबत असलेल्या भारतीय डॉक्टरांनी लोकांसमक्ष स्वतःला टोचून घेतले. वस्तीतील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जण पुढे आले. त्यानंतर वस्तीत पटकीचे आणखी १० रोगी आढळले व त्यांतील सात दगावले. हे दहाही जण न टोचलेल्यांपैकी होते. १८९५ पर्यंत चाळीस हजारांहून अधिक लोकांना ही लस देण्यात आली. या दगदगीत हाफकिन हिवतापाने आजारी पडले आणि त्यांना काही काळ इंग्लंडला जावे लागले.

ते परतले त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉक्टर अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या तापाचे पहिले रोगी ओळखले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सरकारने हाफकिन यांना मुंबईस पाठवले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली व एक ओसरी मिळाली, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस तयार केली. मांसाच्या काढ्यात प्लेगचे जंतू वाढवायचे, पृष्ठभागावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवायचे, त्या थेंबांना धरून जंतू लोंबत्या धाग्यांसारखे वाढू द्यायचे, मग ते उष्णतेने मारायचे आणि त्यात कार्बोलिक आम्ल मिसळायचे, अशी ही कृती होती. पुढे हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही भावनांचा विचार करून गाय व डुक्कर वर्ज्य करण्यात आले आणि बकऱ्याचे मांस वापरण्यात आले. शाकाहारी कुटुंबांची अडचण त्यानेही सुटत नव्हती, हे उघड आहे.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी १० घन सेंटिमीटर लस स्वतःला टोचून घेतली. नंतर लोकांसाठी ठरलेल्या मात्रेपेक्षा ही मात्रा कितीतरी मोठी होती. त्यांना ताप भरला, दंड दुखू लागला. काम त्यांनी थांबवले नाही. त्यानंतर कॉलेजातील अध्यापक, विद्यार्थी आणि शहरातील काही नागरिक स्वेच्छेने पुढे आले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे निम्म्या कैद्यांनी टोचून घेतले. पुढील दिवसांत न टोचलेल्या कैद्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व सहा जण मरण पावले. टोचलेल्यांपैकी दोघे आजारी पडले आणि दोघेही वाचले.

हाफकिन यांनी स्वतःला लस टोचून घेतल्याला बरोबर दोन महिने झाले, त्या दिवशी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे प्लेगनेच निधन झाले. लस निघाली होती. ती अद्याप कोठे पोहोचली नव्हती.

या काळात सामान्य मराठी माणसासमोर टोचून घ्यावे की नाही, हा प्रश्न ज्या रूपाने उभा राहिला, ते रूप आज समजून घेण्यासारखे आहे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला होता. त्याच्या आधाराने घरांची झडती, रोग्यांची सक्तीने रुग्णालयात रवानगी, सोबत राहणाऱ्यांना वेगळ्या छावणीत ठेवणे आणि सामानाची जाळपोळ सुरू झाली. मुंबईत ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला होता. पुण्यात झडतीसाठी गोरे सैनिक घरात, प्रसंगी देवघरापर्यंत शिरले आणि २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांच्यावर गोळी झाडली. ज्या सरकारच्या शिपायांना पाहून लोक रोगी लपवत होते, त्याच सरकारच्या छापाची बाटली विश्वासाने स्वीकारा, असे त्यांना सांगितले जात होते.

त्यात लसीने ताप हमखास येत असे. दोन दिवस अंग मोडून येई, दंड सुजे. गिरणीत रोजावर काम करणाऱ्याचा तेवढा रोज बुडे. आज निरोगी असलेल्या शरीराला हा त्रास निश्चित होता आणि त्याचा लाभ मात्र अनिश्चित, कारण प्लेग आपल्या घरी येईलच असे नव्हते. शिवाय लस घेतलेल्यांपैकीही काहींना प्लेग होत होता, हे लोक डोळ्यांनी पाहत होते. अंगात प्लेग आधीच मुरलेला असताना ज्यांनी टोचून घेतले, ते दोन-चार दिवसांत दगावले की दोष लसीवर येई. अफवांचे पीक मोठे होते. त्यांतील बऱ्याचशा हास्यास्पद होत्या. पण नकार देणारे सारेच अडाणी होते, असे त्या काळच्या अनेक इंग्रजी अहवालांनी गृहीत धरले, ते मान्य करता येत नाही. ज्या व्यवस्थेवर अविश्वास ठेवण्यास भरपूर कारणे होती, तिच्यावर अविश्वास ठेवणे हा बऱ्याच अंशी अनुभवाचा निष्कर्ष होता.

हाफकिन यांना याची जाण होती, असे त्यांच्या कार्यपद्धतीवरून दिसते. लस सक्तीने टोचू नये, हे त्यांचे मत होते. लोक ज्यांना मानतात अशांनी आधी टोचून घ्यावे, यावर त्यांचा भर असे. मुंबईत खोजा समाजाचे धर्मगुरू, तरुण आगाखान यांनी आपली वास्तू लसीच्या कामासाठी दिली आणि अनुयायांच्या देखत एकदा नव्हे तर अनेकदा टोचून घेतले. परिणामी त्या समाजातील हजारो लोक पुढे आले. सरकारनेही पुढे निराळाच मार्ग शोधला. टोचल्याचा दाखला असणाऱ्यास छावणीत ठेवण्याच्या काही नियमांतून सूट मिळू लागली. कागदावर ही लस ऐच्छिकच राहिली. मात्र छावणी टाळायची तर दाखला हवा, अशी स्थिती आल्यावर त्या इच्छेला कितपत इच्छा म्हणावे, हा प्रश्न उरतोच.

आकडे मात्र बोलके होते. पोर्तुगीज अमलाखालील दमण येथे १८९७ मध्ये २,१९७ लोकांनी टोचून घेतले. त्यांपैकी ३६ जण प्लेगने मरण पावले. न टोचलेल्या ६,०३३ लोकांपैकी १,४८२ जण मरण पावले. सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी फेब्रुवारी १८९८ मध्ये तर प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना टोचण्यात आले, जेणेकरून एकाच घरातील, एकच अन्न खाणाऱ्या माणसांची तुलना व्हावी. टोचलेले ७१ होते. आठ जणांना प्लेग झाला, तिघे गेले. न टोचलेले ६४ होते. २७ जणांना प्लेग झाला, २६ गेले. एकाच घरात कोणाला टोचायचे व कोणाला नाही, हे ठरवणाऱ्यांच्या आणि ठरवले गेलेल्यांच्या मनाची स्थिती काय असेल, हे या तक्त्यातून कळत नाही. विज्ञानाला याहून स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो आणि आजच्या नियमांनुसार असा प्रयोग कोणी करूही शकणार नाही.

सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने १८९८-९९ मध्ये हाफकिन यांच्या आकडेवारीची कसून तपासणी केली. टोचलेल्यांची व न टोचलेल्यांची संख्या नेमकी कोणत्या दिवशी मोजली, नोंदी कोणी ठेवल्या, असे आक्षेप आयोगाने घेतले. तरीही निष्कर्ष अनुकूल होता. लसीने प्लेग होण्याचे प्रमाण घटते आणि मृत्यूचे प्रमाण त्याहून घटते. मात्र संरक्षण पूर्ण नसते, टोचल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत ते मिळत नाही आणि ते कायम टिकतही नाही. साथ पुन्हा आली की पुन्हा टोचून घ्यावे लागे.

फ्लूच्या लसीबाबत आज विचारले जाणारे प्रश्न याच जातीचे आहेत. ती दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलत राहतो आणि जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीतील घटकांची शिफारस नव्याने करते. ती घेऊनही फ्लू होऊ शकतो. मात्र आजार गंभीर होण्याची शक्यता घटते. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी पुण्यात घेतला, तेव्हा मुखपट्ट्यांसाठी रांगा लागल्या. साथ दिसेनाशी झाली की दंड पुढे करण्याची निकड वाटत नाही, हा अनुभवही जुनाच आहे. वृद्ध, गर्भवती महिला, मधुमेही, दमेकरी आणि रुग्णालयांत काम करणारे यांना या लसीचा लाभ अधिक होतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलून घेता येतो, आणि नकार दिल्यास कोणी छावणीत पाठवत नाही, ही सोय १८९७ मध्ये नव्हती.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळ येथील जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. हाफकिन तिचे प्रमुख होते. पंजाबात प्लेग वाढत होता आणि तेथे लाखो लोकांना टोचण्याची योजना आखली गेली. लसीची मागणी एकदम वाढल्याने हाफकिन यांनी उत्पादनाची कृती बदलली व कार्बोलिक आम्ल वगळले. पॅरिसची पाश्चर संस्था हीच पद्धत वापरत होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी पाच बाटल्यांतील लस १०७ लोकांना टोचण्यात आली. त्यांपैकी ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण काही दिवसांत धनुर्वाताने मरण पावले.

चौकशी आयोगाने लस परळच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी, असा निष्कर्ष काढला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते भारत सोडून लंडनला गेले. ते वैद्यकीय सेवेतील नव्हते, इंग्रज नव्हते आणि ज्यू होते. या तीन गोष्टींचा त्यांच्याविरुद्ध कितपत उपयोग झाला, यावर इतिहासकार आजही लिहीत असतात. फ्रान्समधील द्रेफ्यूस प्रकरणाशी त्याची तुलना अनेकांनी केली आहे. आयोगाचा अहवाल १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील पुरावाच त्याच्या निष्कर्षाविरुद्ध जातो, हे शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले. बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर न धरता नुसता कार्बोलिक द्रावणात हलवून बुचासाठी वापरला गेला. मलकोवालच्या मातीतील धनुर्वाताचे जंतू बाटलीत शिरण्याचा हा मार्ग होता. शिवाय बाटली ४१ दिवसांपूर्वी भरलेली होती. जंतू तेव्हाच शिरले असते तर इतक्या दिवसांत लसीला दुर्गंधी आली असती; उघडताना ती आली नव्हती. जुलै १९०७ मध्ये हिवतापाच्या संशोधनाबद्दल नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने त्यांना पुन्हा सेवेत घेण्याची तयारी दाखवली.

हाफकिन परतले. परंतु मुंबईची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. कोलकात्यात नेमणूक झाली आणि माणसांवर नव्या लसींचे प्रयोग करण्याची मुभा तेथे नव्हती.

मलकोवालचा खरा भुर्दंड पंजाबला पडला. टोचण्याची मोठी योजना जवळजवळ मोडून पडली. शेजारच्या गावातील एकोणीस तिरड्यांसमोर दमण आणि उंढेऱ्याचे आकडे कोणाला सांगायचे? १९०७ या एकाच वर्षी पंजाबात प्लेगने सहा लाखांहून अधिक लोक मेले. त्यांतील किती जण लसीने वाचले असते, याचा हिशेब करता येत नाही. हाफकिन निर्दोष ठरले ती बातमी लंडनच्या वर्तमानपत्रांत आली. पंजाबच्या खेड्यांत चिमट्याची गोष्ट पोहोचली असेल, असे मानणे कठीण आहे.

१९१४ मध्ये हाफकिन निवृत्त होऊन युरोपला गेले आणि पॅरिसजवळ राहू लागले. ते अविवाहित होते. उत्तरायुष्यात त्यांचा ओढा ज्यू धर्माचरणाकडे वाढला आणि १९१६ मध्ये त्यांनी त्या विषयावर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. विद्यापीठातील जागेसाठी जो धर्म त्यांनी सोडला नव्हता, त्याच्या पाठशाळांसाठी त्यांनी आपली सारी शिल्लक ठेवली. १९२८ मध्ये ते स्वित्झर्लंडमधील लोझान येथे गेले आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. संचालक मॅकी यांनी त्यासाठी प्रयत्न केले होते. तोवर तेथून प्लेगच्या लसीच्या दोन कोटींहून अधिक मात्रा बाहेर पडल्या होत्या. भारतीय टपाल खात्याने १९६४ मध्ये हाफकिन यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. याच परळच्या आवारात पुढे पोलिओचे थेंब तयार होऊ लागले आणि ते देशभरातील बालकांपर्यंत पोहोचले.